बुधवार-रविवारची दाढी

वलवणच्या माऊली तिकोणेने जन्मात दुसऱ्या एकाच माणसाची दाढी केली, पण ती चाळीस वर्षं केली. स्वतःची तो नळापाशी उभ्याउभ्या, आरशात न बघता दोन मिनिटांत उरकायचा. थोरल्या भावाची मात्र पाऊण तास चालायची, बुधवारी आणि रविवारी, ऊन ओट्यावर चढलं की. सोमवार शंकराचा, मंगळवार-शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देवांनी आपापले वार वाटून घेतल्यावर माणसाच्या हनुवटीला हे दोनच उरतात, आणि ते दोन माऊलीने कधी चुकवले नाहीत. लोणावळ्यात ज्या बंगल्यावर तो माळी आणि राखणदार होता, तिथल्या शेठना त्याने नोकरीला लागतानाच सांगून टाकलं होतं, "बुधवारी आन् रविवारी मी धाच्या आत यायचो न्हाई. दादाची दाढी असती." शेठ हसले. पण पुढच्या तेहतीस वर्षांत त्यांनी त्यावर पुन्हा काही विचारलं नाही.

तिकोणे जातीने शेतकरी. वस्तरा धरणं हा त्यांच्या घरचा धंदा नव्हे. तो माऊलीच्या हाती आला त्याचं कारण गोठ्यात घडलं. भिमाजी तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि माऊली पंचवीसचा. घरात विजेवरची कडबाकुट्टी नवीनच आली होती. चारा अडकला म्हणून भिमाजीने मशीन बंद केलं आणि त्याच्या तोंडात हात घालून कडब्याची ताटं ओढायला लागला. माऊली बटणापाशी उभा होता, पण त्याचं लक्ष कुंपणापलीकडच्या दोस्ताकडे. क्रिकेटच्या गप्पा रंगल्या होत्या. बोलता बोलता, न बघता, त्याने बटण दाबलं.

भिमाजीच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा राहिला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, बापाने विचारलं, बायकोने रडत विचारलं, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं. "मशीन चालूच व्हतं. माझाच हात घसरला." माऊली शेजारी उभा राहून ते ऐकत होता. भाऊ चार शिव्या देईल, कानाखाली जाळ काढील, निदान रागाने बघील तरी, याची त्याने आठवडाभर वाट पाहिली. भिमाजीने काही म्हणजे काही केलं नाही. जगात दोघांनाच ठाऊक असलेली ती गोष्ट दोघांनीही कधी तोंडातून काढली नाही.

गावचा म्हातारा न्हावी तेव्हा घरी यायचा. तो थकल्यावर त्याच्या मुलांनी लोणावळ्याच्या बाजारात सलून थाटलं. पंख्याखाली, चारचौघांत तो बोडका हात मांडीवर ठेवून बसायला भिमाजी काही राजी होईना. मग माऊलीने म्हाताऱ्या न्हाव्याचे पाय धरले, त्याच्याकडून वस्तरा घेतला आणि दुधी भोपळ्याला साबण फासून महिनाभर हात बसवला. कस्तुराबाई, म्हणजे माऊलीची बायको, तेव्हा नवी नवरी होती. रोज साबणाच्या वासाची भाजी खाऊन ती माहेरी निघून जायची वेळ आली होती. पण हात बसला. आणि मग बुधवार-रविवार सुरू झाले.

त्या पाऊण तासात दोघं फार बोलत नसत. भिमाजी डोळे मिटून मान मागे टाकायचा. माऊली ब्रशने फेस लावायचा, वस्तरा पट्ट्यावर चार वेळा परजायचा आणि कानशिलापासून खाली यायचा. शेवटी मिशी. भिमाजीची मिशी सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली होती. ओठ झाकणारी, टोकाला जरा वर वळलेली, पिकली तरी ताठ. तिच्या कडा कोरताना माऊलीचा श्वास थांबायचा. दर वेळी त्याच्या मनात यायचं, आज सांगून टाकू. दादा, माझं चुकलं, एवढंच. पण तोंडाला फेस असलेल्या माणसाला कसं सांगायचं? आणि फेस पुसला की दोघं चहाला लागायचे. असे चार हजारांवर चहा झाले.

पाच वर्षांपूर्वी भिमाजीच्या छातीत कळ आली. तळेगावला नेऊन स्प्रिंग बसवली, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको विठाबाई गेली, आणि तिच्यामागोमाग भिमाजीच्या डोक्यातून एकेक माणूस चालता झाला. आधी व्याही गेले, मग सून सारिका गेली. शेवटी पोटचा पोरगा आदिनाथ ताट घेऊन समोर उभा राहिला तरी म्हातारा म्हणायचा, "पाव्हणं, तुमी बी बसा की जेवायला." आदिनाथ सोमाटण्याच्या कंपनीत सुपरवायझर, दहा माणसं त्याच्या हाताखाली. पण 'पाव्हणं' ऐकलं की तो मोरीत जाऊन उगाचच तोंड धुवायचा.

माऊलीलाही भिमाजी ओळखेनासा झाला होता. म्हणजे दिवसभर ओळखायचा नाही. पण ओट्यावर ऊन आलं, फेस लागला आणि वस्तऱ्याचा पहिला हात कानशिलावरून खाली आला की मिटल्या डोळ्यांनी म्हणायचा, "हळू, माऊली."

बस, तेवढंच. ते ऐकायला सारिका हातातलं काम टाकून दारात यायची. आठवड्यात ते नाव त्या घरात दोनदाच निघायचं. माऊलीने आता मनाशी पक्कं केलं होतं, की फार दिवस काढायचे नाहीत. 'माझं चुकलं' हे ज्याला सांगायचं त्याला सांगणारा कोण हे तरी कळायला हवं ना? आणि ते भिमाजीला दाढीपुरतंच कळत होतं. या रविवारी सांगतो, पुढच्या बुधवारी सांगतो, असं करत करत दिवाळी आली.

एक गोष्ट माऊलीने घरात कुणाला सांगितली नव्हती. त्याचा हात थरथरायला लागला होता. पासष्टी आली, हात थरथरतो, त्यात नवल नाही. पण तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा आणि गारठा लय हाय म्हणायचा. उन्हाळ्यातसुद्धा त्याला गारठा वाजायचा. वस्तरा धरताना तो कोपर छातीशी दाबून हात आवळायचा, आणि इतके दिवस ते जमलं होतं. दिवाळीच्या रविवारी नाही जमलं. जबड्याखाली नखाएवढं कापलं. तुरटी लावली, हळद दाबली, कापूस बदलून बदलून संपला. रक्त थांबेना. भिमाजीची बंडी छातीपर्यंत लाल झाली आणि तो शांतपणे बसून होता, कारण त्याला दुखल्याचंही नीट कळत नव्हतं. अडीच तासांनी तळेगावला टाका पडला.

"कसं झालं?" डॉक्टरने विचारलं.

"दादा हलला," माऊली म्हणाला.

भिमाजी तसूभरही हलला नव्हता. एका भावाने दुसऱ्याची चूक चाळीस वर्षं स्वतःच्या अंगावर वागवली, आणि दुसऱ्याने आपली चूक त्याच्या अंगावर ढकलायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. तेही तो शेजारच्या खाटेवर कापसाचा बोळा धरून बसलेला असताना. घरी येताना गाडीत माऊलीला स्वतःची किळस आली. तो खिडकीबाहेर थुंकला आणि आदिनाथला वाटलं, तात्यांना, म्हणजे काकाला, गाडी लागली.

डॉक्टरने मात्र निकाल देऊन टाकला होता. "वस्तरा बंद. ब्लेडसुद्धा नको. त्यांच्या गोळ्या बंद करता येणार नाहीत, आणि पुढची जखम खोल गेली तर तुम्ही इथवर पोचायचे नाही. इलेक्ट्रिक शेव्हर आणा."

मग घरात दाढीची सभा बसली. आदिनाथने मोबाइलवर एक तीन चाकांचं मशीन काढलं. हजारो लोकांनी त्याला पाच-पाच चांदण्या दिल्या होत्या. त्या चांदण्या देणाऱ्यांत किती जणांचा बाप विसरभोळा होता, हे काही तिथे लिहिलेलं नव्हतं. मशीन आलं. बुधवारी ओट्यावर बसवून माऊलीने ते भिमाजीच्या गालाला लावलं, तर तीन दिवसांचे खुंट त्या चाकांत अडकले आणि म्हातारा असा ओरडला की शेजारची म्हैस दावं तोडायला लागली. उरलेल्या अंगठ्याच्या हाताने त्याने मशीन भिरकावलं. मग आदिनाथने कागद वाचला. मशीनला म्हणे रोजची दाढी लागते, वाढलेले केस त्याला चालत नाहीत.

"रोज?" कस्तुराबाई म्हणाली. "शनवारी मारुतीच्या वारी वस्तरा?"

"काकी, वस्तरा कुठंय? मशीन आहे," आदिनाथ म्हणाला.

"मारुतीला कळत न्हाई व्हय?"

मारुतीची समजूत घालायला चार दिवस गेले. तोवर सारिकाने केस काढायचं मलम आणलं. पाच मिनिटांत साफ, असं डबीवर लिहिलं होतं आणि साफ झालंही, पण गालावर असे लाल चट्टे उठले की पुढचे दोन दिवस भिमाजी खोबरेल लावून बसला. बाजारातल्या सलूनमध्ये नेऊन पाहिलं. तिथे चारी भिंतींना आरसे. भिमाजीने त्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हात जोडून रामराम घातला, आणि एकानेही तोंडाने जबाब दिला नाही म्हणून उठून बाहेर आला. शिवाय सलूनवाल्याने हात वर केलेच. गोळ्या चालू असलेल्या माणसाला तो वस्तरा लावणार नव्हता, मशीनच लावणार होता. मशीन तर घरी होतंच. मग दाढी राखून पाहिली. तर तिच्यात भाताची शितं वाळायला लागली, खाज सुटली, आणि भिमाजी नखांनी ओरबाडून स्वतःच रक्त काढायला लागला. म्हणजे वस्तऱ्याने निघायचं ते नखाने निघालं.

एकदा माऊलीने लबाडी करून पाहिली. फेस लावला, वस्तरा परजला आणि उलटा धरून बोथट बाजूने गालावरून फिरवला. फेस निघाला, आवाजही थोडाफार तसाच आला. भिमाजीने डोळे उघडले. "उलटा धरलाय," तो म्हणाला. "कोण हाय ह्यो?" त्याला स्वतःच्या पोराचा पत्ता नव्हता, पण पात्याचा होता. त्या दिवशी तो इतका चिडला की फेस तसाच गालावर वाळला. माऊलीने पुन्हा तो प्रयोग केला नाही.

शेवटी जमलं ते असं. आधी ट्रिमरने खुंट काढायचे, मग जाळीचं एक बारीक मशीन फिरवायचं. तेही रोज, मारुतीच्या वारीसुद्धा. भिमाजी त्याला निमूट बसायला लागला. पण कसा, तर परक्याच्या घरी गेलेला माणूस बसतो तसा. डोळे उघडे, पाठ ताठ, हात मांडीवर. झालं की म्हणायचा, "लय तरास दिला तुमास्नी, पाव्हणं." नाव निघालं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, तिसरा गेला. रोजची दाढी सुरू झाली आणि माऊली घरातून नाहीसा झाला. गाल मात्र गुळगुळीत होते. डॉक्टर बघून खूश झाले.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. मिशीची कड कोरायची म्हणून माऊलीने ट्रिमरला कंगवा चढवला होता. हाताला थरथर होतीच. कंगवा कसा कोण जाणे निसटला आणि भर्रकन उजवीकडची अर्धी मिशी उतरली. दोन्ही बाजू सारख्या करायला म्हणून डावीकडे थोडं घेतलं, ते जास्त झालं. मग पुन्हा उजवीकडे. मांजरांच्या भांडणात माकडाने लोण्याचे वाटे सारखे करावेत, तशी ती मिशी सारखी होत होत संपली. चाळीस वर्षं जिच्यापाशी श्वास रोखला, ती मिशी टॉवेलावर पडली होती. कस्तुराबाई बाहेर आली आणि तोंडाला पदर लावून तशीच आत गेली.

भिमाजीचा हात वर गेला. अंगठ्याने त्याने ओठ चाचपला. पुन्हा चाचपला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

माऊलीला आधी उमगलंच नाही. "कोण न्हाई, दादा. मशीन घसरलं."

"मिशी काय उगं उतरवत्यात व्हय? घरातलं कोण गेलं?"

सारिका धावत आली. "आबा, कुणी गेलं नाही. सगळी आहेत."

भिमाजीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तो कपाळाला आठ्या घालून मोजदाद करायला लागला. गेली दोन वर्षं तो बापाला हाका मारत होता, पण त्या घटकेला मात्र त्याला सगळं लख्ख दिसत होतं. "बा तर कवाच गेला," तो म्हणाला. "आय बी गेली. विठा गेली. तिला मीच पानी पाजलं." मग थांबला. "माऊली कुटंय?"

"हे काय, तात्या समोरच आहेत," सारिका म्हणाली.

"ह्ये मशीनवालं पाव्हणं हायेत. माऊली असता तर दाढी त्यानं केली असती. त्यो लय दिस आला न्हाई. आन् मिशी उतरलीया." त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मला सांगत न्हाईसा तुमी. माऊली गेला."

धाकट्यासाठी थोरला मिशी उतरवत नाही, ही रीत लहान पोरालाही ठाऊक असते. पण माऊलीला मूलबाळ नव्हतं. ज्याला पोरगा नाही त्याचं करायला थोरला भाऊ उभा राहिला तर त्याला कोण अडवणार? भिमाजीच्या विस्कटलेल्या डोक्यात तेवढा एक हिशेब मात्र बिनचूक बसला. आणि तो रडायला लागला. म्हातारी माणसं रडतात तसं नुसतं डोळ्यांतून पाणी नव्हे. छाती पिटून, मोठ्याने, "माज्या लेकरा" म्हणत. माऊली हातात ट्रिमर धरून समोर उभा होता. आपल्या मरणाला कोण किती रडेल याची प्रत्येकाला चोरून उत्सुकता असते म्हणतात. माऊलीला ते याचि देही ऐकायला मिळालं, आणि असलं ऐकणं वैऱ्यालाही मिळू नये.

बरं, एकदा रडून संपलं असतं तरी चाललं असतं. भिमाजी तासाभरात विसरायचा. मग हात ओठाकडे जायचा, मिशी नसायची आणि ते दुःख पुन्हा पहिल्यापासून, पहिल्याइतकंच ताजं. दिवसातून चारदा, पाचदा माऊली मरत होता. "दादा, मीच माऊली, बग की माझ्याकडं," असं एकदा त्याने हात धरून सांगितलं, तर भिमाजी संतापला. "गेल्याल्या माणसाचं नाव घिऊन थट्टा करता? लाज न्हाई वाटत?" आणि जेवणावरून उठला. मिशी वाढायला निदान महिना-दीड महिना लागणार होता. तोवर हे असंच चालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने भाकरीला हात लावला नाही. "भाऊ गेला आन् मी भाकर मोडू?" तिसऱ्या दिवशीही चहावर राहिला. गोळ्या उपाशीपोटी कशा द्यायच्या, म्हणून आदिनाथने डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, समजूत काढा. समजूत असायला हवी ना काढायला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बुधवार होता. ऊन ओट्यावर चढलं तसा माऊली आत जाऊन कस्तुराबाईपुढे उभा राहिला. "वस्तरा दे."

वस्तरा तिने तांदळाच्या डब्यात दडवला होता. "न्हाई द्यायची," ती म्हणाली. "तुमचा हात बगते मी रोज. दादा हलले न्हाईत त्या दिशी, मला काय दिसत न्हाई व्हय?"

माऊलीने मान खाली घातली. मग म्हणाला, "एकच हात वडतो. कानापासनं गालापत्तुर. त्याला एकदा कळू दे मी जित्ता हाय. मला त्याला काय तरी सांगायचंय, लय वर्सं राह्यलंय. मग तो वस्तरा धरणात नेऊन टाक."

कस्तुराबाईने तांदळाच्या डब्यात हात घातला.

भिमाजी खुर्चीवर बसला होता. दोन दिवसांच्या उपासाने चेहरा उतरलेला. माऊलीने त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, कोमट पाण्यात ब्रश बुडवला आणि फेस लावायला लागला. गोल गोल, हनुवटीपासून कानाकडे. भिमाजीची पाठ हळूहळू सैल झाली. मान मागे गेली. डोळे मिटले. पट्ट्यावर वस्तरा चार वेळा परजल्याचा आवाज झाला.

"आलास व्हय?" भिमाजी म्हणाला.

"आलो, दादा."

"लोकं म्हणत व्हती, तू गेलास."

"लोकांचं काय ऐकतूस."

"मी बी त्येच म्हनलं. माऊली बुधवार चुकवायचा न्हाई." भिमाजी मिटल्या डोळ्यांनी हसला. गेल्या कित्येक महिन्यांत तो हसला नव्हता.

"दादा, मला तुला एक सांगायचंय," माऊली म्हणाला. "त्या दिशी गोठ्यात..."

"आदी वस्तरा लाव. फेस वाळतुया. मग बोल काय बोलायचं ते."

माऊलीने कोपर छातीशी दाबलं, मूठ आवळली आणि वस्तरा कानशिलाजवळ नेला. पातं थडथडत होतं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले. कानाखाली, फेसाच्या कडेला, भिमाजीची शीर उडत होती. एकच हात ओढायचा होता. ओढला असता तर 'हळू, माऊली' आलं असतं, आणि मग चाळीस वर्षं अडलेलं ते वाक्य त्याने ओळखीच्या माणसाला सांगितलं असतं. पण पातं त्या शिरेपासून बोटभरही लांब राहत नव्हतं. माऊलीने तीनदा हात पुढे नेला आणि तीनदा मागे घेतला. आपल्या मनावरचं ओझं उतरवायला आपण दादाचा गळा पणाला लावतोय, हे त्याला चौथ्या वेळी कळलं.

"दादा, बटण मी दाबलं व्हतं," तो घाईघाईने म्हणाला. "न बगता. माझं..."

"वस्तरा का लावत न्हाईस?" भिमाजीचा आवाज बदलला होता. कपाळाला आठी पडली. "कोण हाय?"

"माऊली."

"माऊली असता तर इतका येळ लावला नसता."

माऊलीने वस्तरा मिटला. दारात कस्तुराबाई उभी होती, तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि आत गेली. त्याने टॉवेलाच्या टोकाने भावाच्या गालावरचा सगळा फेस पुसला, गाल कोरडा केला, आणि मशीन सुरू केलं.

घरघर ऐकून भिमाजीने डोळे उघडले. आजूबाजूला पाहिलं. अंगठा ओठावरून फिरवला. "माऊली आत्ता हितं व्हता," तो म्हणाला.

"गेला, दादा," माऊली म्हणाला.

भिमाजीने मान हलवली. या वेळी तो छाती पिटून रडला नाही. समोर कुणीतरी खरं सांगणारं भेटलं, याचंच जणू त्याला बरं वाटलं. एका गालाची दाढी झाली. मग त्याने अगदी हळू, चारचौघांत विचारावं तसं विचारलं, "दहाव्याला कावळा शिवला का, पाव्हणं? का वाट बगायला लावली?"

माऊलीने मशीन गालावरून उचललं. ते हातात तसंच घुरघुरत राहिलं.

"शिवला," तो म्हणाला. "पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला."

"मग बरं. म्हंजी मनात काय राह्यलं नव्हतं त्याच्या," भिमाजी म्हणाला आणि त्याने दुसरा गाल पुढे केला. "एवढी दाढी झाली की मला वाईच भाकर द्यायला सांगा."